फ्लॅट पुण्यात, तुम्ही बाहेरगावी: भाड्याचं घर सांभाळणारा एजंट कसा निवडावा

वारज्याचा आमचा टू-बीएचके पहिल्यांदा भाड्याने दिला तेव्हा मी बंगळूरहून तीन दिवसांची रजा टाकून आले होते. शनिवारी एजंट भेटला, रविवारी भाडेकरू ठरले, सोमवारी करारावर अंगठे उमटले आणि रात्रीच्या बसमध्ये बसताना वाटलं, लोक उगाच या कामाचा बाऊ करतात. चौथ्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या देव्हाऱ्याच्या बरोब्बर वर, आमच्या बाथरूमखाली, छताला ओल आली होती. निरांजन विझेल एवढे थेंब पडत होते. एजंटला फोन लावला तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, भाडेकरू आणून द्यायचं माझं काम. ते झालं की!"

संताप आला. पण नंतर डोकं थंड झाल्यावर कळलं की माणूस खोटं बोलत नव्हता. मी त्याला पैसे भाडेकरू आणायचे दिले होते. घर सांभाळायचे दिलेच नव्हते.

त्यानंतरच्या सहा वर्षांत तीन एजंट झाले. जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. डोळ्यांसमोर पुणे आणि घरापासून लांब राहणारा मालक आहे, पण करार-नोंदणीचा भाग महाराष्ट्रात सगळीकडे सारखाच लागू होतो.

पायरी 1: तुम्हाला नेमका कोण हवाय ते ठरवा

या धंद्यात तीन तऱ्हेची माणसं भेटतात आणि तिघांनाही आपण सरसकट 'एजंट' म्हणतो. घोळ तिथेच सुरू होतो.

एक ब्रोकर. घर दाखवतो, भाडेकरू ठरवतो, करार करून देतो, ब्रोकरेज घेतो आणि पुढच्या घराकडे वळतो. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारामागे मालकाकडून एक महिन्याचं भाडं आणि भाडेकरूकडूनही एक महिन्याचं, ही सर्रास चालणारी रीत आहे. घासाघीस केली की मालकाचं पंधरा दिवसांवर येतं.

दुसरा घर सांभाळणारा. भाड्याचा पाठपुरावा, किरकोळ दुरुस्ती, सोसायटीशी बोलणं, अधूनमधून चक्कर, भाडेकरू गेल्यावर घराचा ताबा घेणं, हे सगळं तो करतो आणि दरमहा भाड्यातला ठराविक हिस्सा घेतो. मी ज्यांच्याशी बोलले त्यांनी 5 पासून 10 टक्क्यांपर्यंत आकडे सांगितले.

तिसरी कंपनी. ती तुमचा फ्लॅट स्वतःच घेते, हॉलमध्ये प्लायचं पार्टिशन टाकते, खोलीखोलीने नोकरदार मुलामुलींना देते आणि तुम्हाला महिन्याला ठरलेली रक्कम पाठवते. 'गॅरंटीड रेंट' हा शब्द कानाला गोड लागतो. पण घरात कोण राहतंय ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि सोसायटीची नोटीस मात्र तुमच्याच नावाने निघते. नवख्या मालकाने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशाचं गणित बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 25,000 रुपये भाड्याचं घर धरा. नवा भाडेकरू आला की ब्रोकरच्या हाती दोन्हीकडून मिळून 50,000 पडतात. जुन्याच भाडेकरूचा करार पुन्हा केला तर बहुधा त्याच्या निम्मे, कधी कधी नुसती करार करून देण्याची फी. तुमचा हिशेब नेमका उलटा. भाडेकरू गेला की घर महिना-दीड महिना रिकामं, रंगकाम आलं, मेंटेनन्स खिशातून, वर पुन्हा ब्रोकरेज. म्हणजे भाडेकरू टिकला तर तुमचा फायदा, बदलला तर त्याचा. यात तो लबाड आहे असं मुळीच नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात तेच काम माणूस मन लावून करतो. त्याची कमाई आपल्या बाजूला वळवून घेणं, एवढंच मालकाच्या हातात असतं.

तुमचे आईवडील किंवा भाऊ पुण्यात असतील आणि गळकी तोटी बघायला जाण्याइतके हौशी असतील तर नुसता ब्रोकर पुरतो. (पण त्यांना आधी विचारा. माझ्या आईने दोनदा चकरा मारल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "तुझा फ्लॅट तूच सांभाळ बाई.") असं कुणी नसेल तर दुसऱ्या प्रकारचा माणूस शोधायला लागा.

पायरी 2: शोध आपल्याच गेटपासून

ऑनलाइन जाहिरात टाकली की तासाभरात दहा फोन येतात, त्यातले आठ एजंटांचे असतात आणि पाच जण एकाच भाडेकरूचं वर्णन करतात. तिथून सुरुवात करू नका.

सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करा आणि एकच विचारा: आपल्या सोसायटीतले बाहेरगावच्या मालकांचे फ्लॅट कोण बघतं? आमच्या 64 फ्लॅटच्या सोसायटीत अशी दोन माणसं निघाली. एकाबद्दल सेक्रेटरी काका म्हणाले, "त्याचे भाडेकरू शिफ्टिंगच्या आदल्या दिवशी कागद आणून देतात." दुसऱ्याबद्दल ते नुसतेच "हं" म्हणाले. सेक्रेटरींच्या त्या 'हं'वर माझा कोणत्याही ऑनलाइन स्टारपेक्षा जास्त विश्वास आहे.

वॉचमनलाही विचारा. रात्री साडेदहाला पाण्याचा पाइप फुटला तर कोण येतं, हे त्याला पक्कं माहीत असतं.

अंतरही बघा. एजंटचं ऑफिस घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असावं. बाणेरला बसून वारज्याचा फ्लॅट सांभाळतो म्हणणारा माणूस चांदणी चौकातली गर्दी बघून घरूनच फोनवर सांभाळणार.

इथे एक गैरसमज दूर करते. बरेच एजंट व्हिजिटिंग कार्डावर महारेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापतात. क्रमांक खरा असतो, त्यामागे प्रशिक्षण आणि परीक्षाही असते. पण 2016 च्या रेरा कायद्यातली एजंटची व्याख्या प्रकल्पातल्या घरांच्या विक्रीशी बांधलेली आहे. नुसता भाड्याचा व्यवहार त्यात बसत नाही. भाड्याच्या घरावरून तुमचं एजंटशी वाजलं तर तो क्रमांक घेऊन महारेराकडे जाता येईल या भरवशावर राहू नका. तुमच्या हातात असेल तो फक्त तुम्ही त्याच्याशी केलेला कागद. त्या कागदाबद्दल पुढे येतेच आहे.

पायरी 3: ऑफिसात जा, किल्ल्या बघा

एकदा तरी प्रत्यक्ष जा. व्हिडिओ कॉलवर भिंत दिसते, बोर्ड दिसत नाही.

माझ्या पहिल्या एजंटच्या ऑफिसात टेबलामागे खिळ्यांचा एक लाकडी बोर्ड होता. प्रत्येक खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा, जुडग्याला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर निळ्या पेनने सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, मालकाचं आडनाव. चहावाला पोरगा कप ठेवायला त्याच्या इतका जवळून गेला की त्याच्या खांद्याने दोन जुडगे हलले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, बघा किती नीट नावं लिहिली आहेत!

आता जिथे काम दिलंय तिथे किल्ल्या बंद कपाटात असतात. बिल्ल्यावर फक्त आकडा असतो आणि कुठला आकडा कुठल्या घराचा ती वही वेगळीकडे. किल्ली कोणी, कधी नेली, कधी आणली, त्याची सही. एजंट कसा आहे हे अर्ध्या मिनिटात कळायचं असेल तर त्याला विचारा, "माझी किल्ली कुठे ठेवणार?"

भेटीत "सर्व्हिस कशी देता" असं विचारलंत तर "एकदम फर्स्ट क्लास" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा झालेल्या गोष्टी विचारा. शेवटचा भाडेकरू गेला तेव्हा डिपॉझिटमधून किती कापले आणि कशाचे, याचा हिशेब दाखवायला सांगा. भाडं थकलं होतं तेव्हा कितव्या दिवशी मालकाला कळवलं ते विचारा. आता किती घरं सांभाळता आणि त्यासाठी माणसं किती? साठ घरं आणि एकटा माणूस असेल तर तुमचा फोन उचलला जाणार नाही.

दोन मालकांचे नंबर मागा, त्यातला एक हल्लीच काम काढून घेतलेला असला तर उत्तम. असा नंबर देणारा एजंट क्वचित भेटतो, पण मागितल्यावर चेहऱ्यावर काय उमटतं तेही बघण्यासारखं असतं. शक्य झालं तर एखाद्या भाडेकरूशीही बोला. भाडेकरूला जो माणूस त्रासदायक वाटतो तो तुमच्या घरात भाडेकरू टिकू देणार नाही.

आणि हो, कुठल्याही एजंटचा पहिला प्रश्न असतो, "फॅमिलीच ना? व्हेज?" जात विचारायची असेल तर ती याच प्रश्नांच्या आडून विचारली जाते. काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगून टाकलंय की नोकरीची कागदपत्रं आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर बघ, ताटात काय आहे ते बघू नकोस. यात घर कधी जास्त दिवस रिकामं राहिलं नाही.

पायरी 4: त्याच्याशीही लेखी करा

भाडेकरूशी आपण वीस पानी करार करतो आणि ज्याच्या हाती घराची किल्ली देतो त्याच्याशी तोंडी ठरवतो. दोन पानं पुरतात, पण लिहा. कोणती कामं करायची, दरमहा किती घ्यायचे, घर रिकामं असताना काही घेणार का (घेऊ नये), आणि किती दिवसांच्या नोटिशीवर दोघांनाही हे थांबवता येईल.

ब्रोकरेजचं मी असं ठरवलं आहे: मालकाकडचं निम्मं करार झाल्यावर, निम्मं भाडेकरूने सहा महिने पूर्ण केल्यावर. सहा महिन्यांच्या आत गेला तर पुढचा भाडेकरू मालकाचं ब्रोकरेज न घेता आणायचा. आणि करार पुन्हा झाला तर मी स्वतःहून त्याला अर्ध्या महिन्याचं भाडं देते. ओळखीचे मालक मला वेड्यात काढतात. पण हे दिल्यापासून भाडेकरूच्या तक्रारी एजंट आपणहून सोडवायला लागला. सध्याचं कुटुंब तिसऱ्या वर्षात आहे.

दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा घाला. 1,500 पर्यंत त्याने न विचारता करावं, त्यावर आधी फोन. मर्यादा कुठलीही असो, तीन गोष्टी हव्यात: आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि काम करणाऱ्याचं बिल. हे मी का सांगते? कारण देव्हाऱ्यावरच्या त्या ओलीचं काम शेवटी विनवण्या करून त्याच एजंटकडून करून घेतलं, तेव्हा व्हॉट्सअॅपवर वहीच्या फाडलेल्या पानाचा फोटो आला: 'प्लंबिंग काम, 4,800'. खाली तारीख नाही, नाव नाही. पुढच्या सुट्टीत गेले, बाथरूममध्ये वाकून बघितलं, तर नवी दिसणारी एकच वस्तू होती: एक अँगल कॉक, आणि त्याला जोडलेला हातभर पाइप. टाइल्सच्या सांध्यांतलं जुनं काळं ग्राउट तसंच होतं. पाणी तिथूनच झिरपत होतं, हे पुढच्या पावसाळ्यात कळलं.

एजंटला प्लंबर-रंगारीवाल्याकडून थोडंफार सुटतं, हे धरूनच चला. त्याची भांडणं काढण्यात अर्थ नाही. मोठ्या कामाला दोन कोटेशनं मागा.

कागदावर एक गोष्ट मात्र कधीही देऊ नका: कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सगळेच व्यवहार करायचा अधिकार. "तुम्ही बाहेर असता, एक पॉवर ऑफ अॅटर्नी करून टाकू" असं सहज सुचवलं जातं. लागलंच तर विशेष मुखत्यारपत्र करा, तेही फक्त ठरलेल्या एका कामापुरतं आणि शक्यतो नातेवाइकाच्या नावे. बहुतेकांना तेवढंही लागत नाही, कारण लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकरूशी होणाऱ्या या नेहमीच्या कराराची, नोंदणी आता आधारवर, अंगठा स्कॅन करून घरबसल्या होते. मालक आणि भाडेकरूने एकाच वेळी एका जागी असायची गरज नसते.

पायरी 5: भाडं आणि डिपॉझिट थेट तुमच्या खात्यात

यात तडजोड नाही. एजंटच्या खात्यातून फिरून येणारं भाडं नको, आणि डिपॉझिट तर नकोच.

एक फसवणूक मुंबई-ठाण्याकडे वर्षानुवर्षं चालत आली आहे. एजंट मालकाला सांगतो, भाडेकरू महिन्याला 25,000 देणार. भाडेकरूला सांगतो, मालकाला हेवी डिपॉझिट हवंय, दहा-बारा लाख एकदम द्या आणि बिनभाड्याने राहा. दोघांना दोन वेगळे कागद दाखवले जातात. त्या लाखांतूनच एजंट काही महिने मालकाला 'भाडं' पाठवत राहतो. मग ते थांबतं, आणि एजंटचा फोनही. मालक दार वाजवायला जातो तेव्हा आतला माणूस म्हणतो, माझे बारा लाख द्या.

यावर उपाय अगदी साधा: भाडेकरूशी स्वतः बोला. करार व्हायच्या आधी दहा मिनिटांचा फोन करा आणि भाडं किती, डिपॉझिट किती, कुणाच्या खात्यात, हे त्याच्या तोंडून ऐका. करार झाल्यावर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू (नोंदवलेल्या कराराचा अधिकृत गोषवारा) काढून आकडे जुळतात का बघा. एजंट जर भाडेकरूचा नंबरच देत नसेल तर उठून या.

पायरी 6: करार, पोलीस, सोसायटी

ही कामं एजंट करतो, पण कायद्यापुढे जबाबदारी तुमची राहते. म्हणून निदान एवढं माहीत हवं.

'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू' असं सांगणारा एजंट अजूनही भेटतो. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर तुम्ही ते खोटं ठरवत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदवलेल्या कराराचा मोठा फायदा कलम 24 मध्ये आहे: मुदत संपल्यावर माणूस हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि तोवरच्या काळाची भरपाई दुप्पट दराने.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीतलं एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के. 25,000 भाडं, 1,00,000 डिपॉझिट, अकरा महिने असं धरलं तर भाडं 2,75,000, व्याज साधारण 9,167, आणि शुल्क सातशे-आठशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000. त्यावर थोडं हाताळणी शुल्क आणि अंगठे घ्यायला घरी येणाऱ्या मुलाची फी. तेव्हा कुणी 'अॅग्रीमेंटचे सहा हजार' म्हणालं तर फोड करून मागा. सरकारी पावत्यांवरचा आकडा आणि त्याची फी यांतला फरक लगेच कळतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणंही मालकाकडेच येतं. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन भरता येते. "भरली, मॅडम" यावर न थांबता पोचपावतीची पीडीएफ मागवून घ्या.

सोसायटीला कराराची प्रत आणि ही पोचपावती भाडेकरू राहायला यायच्या आधी द्यावी. सहकारी सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे आपण ज्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो ते, सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावू शकत नाही. हा सरकारी आदेश 2001 चा आहे. काही सोसायट्या आजही एकूण मेंटेनन्सवर आकारणी करतात आणि एजंट गप्प भरायला सांगतो. चांगला एजंट सेक्रेटरींशी चहा पिता पिता हा विषय काढतो. (तुमची सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखालचं असोसिएशन असेल तर नियम वेगळे, तिथले उपविधी बघा.)

पायरी 7: कराचं एजंट सांगणार नाही

दोन-तीन गोष्टी पटकन.

पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत असते. घर भाड्याने दिलं की ती जाते. भाडं ठरवतानाच हा वाढीव कर हिशेबात धरा. वाकड-पिंपळे सौदागरचं घर पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, तिथली रचना वेगळी आहे.

प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून मिळकतकर वजा जाता उरलेल्या रकमेची 30 टक्के वजावट सरसकट मिळते. तीत दुरुस्ती, ब्रोकरेज, एजंटची दरमहा फी सगळं आलं असं समजलं जातं. गृहकर्जाचं व्याज सोडलं तर वेगळा खर्च दाखवता येत नाही. म्हणून एजंट "माझी फी टॅक्समध्ये सुटते" म्हणाला तर हसून सोडून द्या.

तुम्ही परदेशी असाल तर मात्र लक्ष द्या. मालक अनिवासी भारतीय असला की भाडेकरूला भाड्यातून 30 टक्के आणि वर उपकर असा टीडीएस, म्हणजे मालकाचा प्राप्तिकर, आधीच कापून सरकारकडे भरावा लागतो, भाडं कितीही लहान असो. बरेच एजंट भाडेकरू बिचकेल म्हणून ही गोष्ट दडवतात आणि भाडं मालकाच्या आईच्या खात्यात मागवतात. नंतर नोटीस भाडेकरूला येते. एजंट निवडताना याबद्दल सरळ विचारा. याआधी अनिवासी मालकाचं काम केलेला माणूस लगेच टीडीएस आणि एनआरओ खात्याबद्दल (अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) बोलायला लागतो. नवखा म्हणतो, "ते सीए बघतील."

पायरी 8: पहिले सहा महिने

ताबा देताना एजंटने घराचा व्हिडिओ काढून तुम्हाला आणि भाडेकरूला दोघांना एकाच ग्रुपवर पाठवावा. खोल्या दाखवून भागत नाही. प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक पंखा लावून, गीझरचा लाल दिवा पेटलेला दाखवून, कपाटांची दारं उघडून. महावितरणच्या मीटरचं रीडिंग आणि पाइप गॅस असेल तर त्याचंही. अकरा महिन्यांनी डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं या सहा मिनिटांत मिटतात.

वीजबिलाचा ग्राहक क्रमांक तुमच्या मोबाइलला जोडलेला ठेवा. भाडं वेळेवर आणि वीजबिल दोन महिने थकलेलं, असं दिसलं की समजा, भाडेकरू ओढग्रस्तीत आहे किंवा निघायच्या तयारीत. माझ्या बाबतीत ही बातमी एजंटच्या आधी महावितरणच्या मेसेजने दिली.

दर तीन महिन्यांनी एक चक्कर, भाडेकरूला आधी सांगून. पावसाळ्यात एक जास्त. चक्कर झाली की चार फोटो: बाथरूमचं छत, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा भाग, खिडक्यांखालच्या भिंती, बाल्कनीची जाळी. मी हे एजंटला लिहूनच दिलं. आधी तो कंटाळला, आता फोटो न मागता येतात आणि सोबत "सिंकखाली थोडं दमट आहे ताई, प्लंबरला बोलवतो" अशी ओळही. मॅडमची ताई कधी झाले ते आठवत नाही.

जमलं नाही तर

पहिला एजंट बदलायला मी दीड वर्ष लावलं. उगाच. भाडेकरूचा करार तुमच्याशी असतो, एजंटशी नाही. एजंट बदलल्याने भाडेकरूला हलावं लागत नाही, त्याला फक्त नवा नंबर द्यायचा असतो. नोटिशीची मुदत पाळा, मूळ करार, पोलिसांची पोचपावती आणि राहिलेल्या बिलांचे फोटो मागून घ्या, हिशेब चुकता करा.

मग भाडेकरूला विचारून मुख्य दाराच्या लॅचचा सिलिंडर बदलून टाका. नवा सिलिंडर आणि सुताराची मजुरी मिळून जो खर्च येईल तो तुमचा. हे मला जुन्या एजंटने किल्ल्या पाकिटात घालून परत पाठवल्या तेव्हा सुचलं. मी त्याला तीन दिल्या होत्या. पाकिटात चार निघाल्या.